टाचदुखी, नवे उपचार आणि आपला जमाखर्च

(सेमाडोह येथील पाय व टाच तपासणी शिबिराच्या समारोपप्रसंगी रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि आयुष्याची बहुतेक वर्षे खतावणी, पावतीपुस्तके व लेखापरीक्षकांचे शेरे यांच्या सहवासात गेली आहेत. अशा माणसाने टाचदुखीवर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु या विषयाची मला दोन अधिकारांनी ओळख आहे. एक, मी स्वतः या दुखण्याचा रुग्ण होतो. आणि दोन, या दुखण्यावरील नव्या उपचारांवर न्यासाचा पैसा कसा खर्च व्हावा, याचे टिपण या वर्षी विश्वस्त मंडळापुढे मलाच ठेवावे लागले. आज जे सांगतो ते त्या टिपणाचेच विस्तृत रूप आहे. त्यातील वैद्यकीय भाग आपल्या अस्थिरोग विभागाने तपासून दिला आहे. हिशेबाची जबाबदारी माझी.

सिपना नदीच्या काठी, घनदाट सागवनात वसलेल्या या गावी हे शिबिर का घेतले, असा प्रश्न काही देणगीदारांनी विचारला होता. मेळघाट म्हटले की कुपोषण, बालमृत्यू, सिकलसेल आणि क्षयरोग ही नावे डोळ्यांपुढे येतात. त्या प्रश्नांची निकड कोणी नाकारू शकत नाही. त्यांच्यापुढे टाचदुखी ही किरकोळ बाब वाटते, आणि शहरात ती बऱ्याच अंशी तशी असतेही. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याची टाच दुखली तर तो थोडा लंगडतो आणि काम करीत राहतो. येथे मात्र पाय हेच वाहन आहे आणि पाय हेच भांडवल. १९७३-७४ साली देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. तेव्हापासून या जंगलाची राखण मुख्यतः पायी गस्तीवर चालते. वनरक्षक आणि वनमजूर डोंगर-नाल्यांतून रोज मैलोगणती चालतात. तेंदूपत्ता तोडणारे, बांबू तोडणारे, रोजगार हमीच्या कामावर जाणारे, गुरे राखणारे, हे सर्व लोक टाचेवरच पोट भरतात.

शिबिराच्या पहिल्याच दिवशी आलेल्या एका कोरकू भगिनीचे बोलणे मला विसरता येत नाही. मोहफुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. उजाडण्यापूर्वी झाडाखाली पोहोचले नाही तर गुरे आणि रानातली जनावरे फुले खाऊन जातात. आणि टाचदुखीचे मुख्य लक्षण असे की, झोपेतून उठून टाकलेले पहिले पाऊल सर्वांत जास्त दुखते. आमच्या डॉक्टरांनी तिला, "सकाळी थोडे थांबून चालत जा," असे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मोहा काही माह्या टाचेसाठी थांबत नाही." त्या एका वाक्याने हे दुखणे किरकोळ आहे की नाही, याचा माझ्यापुरता निकाल लागला.

दुखते ते नेमके काय?

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाच्या आत एक जाड, चिवट पट्टा असतो. धनुष्याला जशी दोरी, तशी पायाच्या कमानीला ही दोरी. आपण उभे राहतो, चालतो, ओझे उचलतो, तेव्हा हा पट्टा ताण सोसतो. एकाएकी वाढलेले चालणे, कडक जमिनीवर तासन् तास उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी, झिजून कागदासारखी झालेली चप्पल, अशा कारणांनी हाडाशी असलेल्या त्याच्या मुळाला सूक्ष्म इजा होत राहते. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जाऊन कळ येते. दहा-वीस पावलांनंतर कळ थोडी कमी होते आणि संध्याकाळी पुन्हा वाढते.

पूर्वी या विकाराला पट्ट्याची सूज म्हणत. २००३ साली अमेरिकेतील काही शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० रुग्णांच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी प्रसिद्ध केली. तीत सूज येण्याच्या खुणांऐवजी झीज झाल्याच्या खुणा आढळल्या. हा भेद केवळ शब्दांचा नाही. सूज असेल तर ती उतरवणारे औषध पुरेसे ठरावे; झीज असेल तर पट्टा पुन्हा सशक्त करणे हेच खरे काम उरते. पुढे उपचारांविषयी जे सांगणार आहे, त्याची किल्ली येथे आहे.

आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला पुढे आलेले टोक दिसते आणि घरोघर एकच वाक्य ऐकू येते, "हाड वाढले आहे." हे टोक टाच कधीच न दुखलेल्या कित्येक माणसांच्या चित्रातही दिसते. दुखण्याचे कारण बहुधा ते टोक नसते, आणि ते कापून टाकणे हा उपायही नव्हे. "हाड वाढले" या दोन शब्दांनी रुग्ण घाबरतो आणि घाबरलेला रुग्ण महाग उपचाराला लवकर होकार देतो.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी उजवी टाच दुखू लागली. आपल्याच रुग्णालयात दाखवावे, तर 'साहेबांना काय झाले' अशी चर्चा व्हायची, या संकोचाने मी एका मोठ्या शहरातील दवाखान्यात गेलो. तेथे चित्र काढले, हाड वाढल्याचे सांगितले आणि काही महिन्यांत तीन वेळा टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. प्रत्येक वेळी काही आठवडे बरे वाटे, नंतर दुखणे पूर्ववत. व्यायामाचा शब्द कोणी काढला नाही, चप्पल कोणी पाहिली नाही, रक्तातील साखर कोणी विचारली नाही. अखेर आपल्याच भौतिकोपचार विभागातील एका तरुण सहकारी भगिनीने मला लंगडताना पाहिले आणि विचारले, "सर, तुम्ही सकाळी अंथरुणातून उठताना पहिले काय करता?" मी म्हटले, "चष्मा शोधतो." ती म्हणाली, "उद्यापासून पायाची बोटे शोधा." त्या व्यायामाने मला चार महिन्यांत आराम पडला. ज्या रुग्णालयाच्या ताळेबंदावर मी सह्या करतो, तेथे विनामूल्य मिळणारा सल्ला घ्यायला मला इतके महिने आणि इतके पैसे लागले, याची आजही खंत वाटते.

पहिली पायरी : स्वस्त, परंतु संयमाची

तो व्यायाम असा. सकाळी पाऊल जमिनीला लावण्यापूर्वी बसूनच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढावीत, तळपायाचा पट्टा ताठ झालेला अंगठ्याने चाचपून पाहावा, दहा अंक मोजेपर्यंत धरावे आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील अस्थिरोगतज्ज्ञांनी २००३ साली दाखवून दिले की, जुनाट टाचदुखीत नुसती पोटरी ताणण्यापेक्षा पट्टा ताणण्याच्या या व्यायामाचा गुण अधिक येतो. २०१४ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी दुसरी गोष्ट पुढे आणली : पायरीच्या कडेवर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाच सावकाश वर-खाली करण्याचा बलवर्धक व्यायाम एक दिवसाआड केला असता तीन महिन्यांनी अधिक आराम दिसला. याला यंत्र लागत नाही. घराची पायरी आणि एक पंचा पुरतो.

जोडीला टाचेखाली मऊ आधार असलेली चप्पल, शक्य तेथे वजनावर नियंत्रण आणि कामाच्या ओझ्यात तात्पुरता बदल. बहुसंख्य रुग्ण एवढ्यावरच बरे होतात. मात्र त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. काहींचे दुखणे वर्षाच्या पुढेही रेंगाळते. नव्या उपचारांचा विचार आहे तो या रेंगाळणाऱ्यांसाठी.

आपल्याकडे तापलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून टाच शेकण्याची जुनी रीत आहे. सौम्य शेकाने बरे वाटते, त्याला आमचा आक्षेप नाही. परंतु ज्यांना मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या पायाला बधिरता आहे, त्यांनी हा प्रयोग कदापि करू नये. चटका कळत नाही, फोड येतो, फोडाची जखम होते आणि पुढे पाय गमावण्याची वेळ येते. टाचेला तापलेल्या लोखंडाचा डाग देणे तर कोणाच्याही बाबतीत हानिकारकच. अमरावतीकरांना हे वेगळे सांगायला नको. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवनात कुष्ठरुग्णांची सेवा आरंभिली, आणि न दुखणाऱ्या पायाची शोकांतिका या जिल्ह्याने जवळून पाहिली. त्याच सुमारास वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड दाखवून देत होते की, कुष्ठरुग्णांच्या पायांच्या जखमा बव्हंशी संवेदना गेल्यामुळे होतात. त्या रुग्णांसाठी वापरात आलेली मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल आज मधुमेही पायांसाठीही वापरली जाते. दुखणारी टाच निदान हाक तरी मारते. बधिर टाच मुकी असते. म्हणून शिबिरात प्रत्येक पायाची संवेदना आधी तपासली, आणि टाचेची तक्रार नंतर ऐकली.

नवे उपचार : गुण आणि मर्यादा

आता नव्या उपचारांकडे वळतो. नवे म्हणजे सर्वांनाच गुणकारी, असे नव्हे. आणि नवे म्हणजे केवळ पैसे काढण्याचा मार्ग, असेही नव्हे. दोन्ही टोके टाळावी लागतात.

स्टेरॉइडचे इंजेक्शन नवे नाही, पण ते आता सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून अचूक जागी देता येते. त्याचा आराम लवकर मिळतो. मात्र बहुधा काही आठवडे ते दोन-तीन महिनेच टिकतो. वारंवार दिल्यास टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी झिजू शकते, क्वचित पट्टा तुटतो, आणि मधुमेहींची साखर काही दिवस वाढते.

दुसरा उपचार शॉकवेव्ह, म्हणजे आघातलहरींचा. याची कथा मनोरंजक आहे. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे मूत्रपिंडातील खडा शरीराबाहेरून सोडलेल्या लहरींनी फोडण्याचा पहिला यशस्वी उपचार झाला. पुढे याच तत्त्वाचा वापर अस्थी आणि स्नायुबंधांच्या जुनाट दुखण्यांसाठी होऊ लागला, आणि २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टाचदुखीसाठी अशा यंत्राला मान्यता दिली. या लहरी झिजलेल्या जागी रक्तपुरवठा व दुरुस्तीची क्रिया चेतवतात आणि वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना शांत करतात, असे मानले जाते. साधारणतः आठवड्याच्या अंतराने तीन बैठका आणि प्रत्येक बैठकीत सुमारे २,००० आघात, असा क्रम असतो. भूल लागत नाही, काप नाही, रुग्ण चालत घरी जातो.

गुण किती? येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. २००२ साली ऑस्ट्रेलियात आणि २००३ साली जर्मनीत झालेल्या काळजीपूर्वक चाचण्यांत खरे यंत्र आणि निष्क्रिय ठेवलेले यंत्र यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. २००८ साली अरीय प्रकारच्या यंत्रावरील मोठ्या चाचणीत मात्र फरक स्पष्ट दिसला. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २००९ साली असा अभिप्राय दिला की, हा उपचार सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठी चिंता उत्पन्न करीत नाही, परंतु गुणाविषयीचा पुरावा एकसारखा नाही. तात्पर्य, अन्य उपाय पुरेसे करूनही जे बरे झाले नाहीत, अशा निवडक रुग्णांना तो देणे योग्य. पहिल्याच भेटीत देणे अयोग्य.

तिसरा उपचार पी.आर.पी. या नावाने ओळखला जातो. रुग्णाचेच थोडे रक्त काढून ते गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालतात; दह्यावरून निवळी वेगळी व्हावी तसा प्लेटलेट नावाच्या कणांनी समृद्ध असा अंश वेगळा होतो आणि तो झिजलेल्या जागी टोचतात. हे कण जखम भरून काढणारी द्रव्ये सोडतात. आराम पडायला काही आठवडे लागतात. सुरुवातीचे काही दिवस दुखणे उलट वाढते. २०१४ साली अमेरिकेत ४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात स्टेरॉइडचा गुण काही महिन्यांत ओसरला आणि पी.आर.पी.चा गुण दोन वर्षांपर्यंत टिकला. २०१९ साली नेदरलँड्समधील ११५ रुग्णांच्या अभ्यासातही वर्षअखेरीस पी.आर.पी.चे पारडे जड राहिले. सर्वच अभ्यासांचा सूर इतका अनुकूल नाही, आणि रक्त तयार करण्याची पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी असल्याने तुलनाही अवघड आहे.

मेळघाटच्या संदर्भात येथे एक खबरदारी आहे. या भागात रक्तक्षय पुष्कळ आणि सिकलसेलचे प्रमाणही दखल घेण्याजोगे. सिकलसेलच्या रुग्णाला हाडांच्या वेदना त्या आजारामुळेच होऊ शकतात. त्याच्या टाचेत काही टोचण्यापूर्वी मूळ कारण शोधले पाहिजे. केंद्र शासनाने २०२३ साली सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आहे, त्याखालील तपासणीचे कार्ड असेल तर रुग्णांनी अवश्य सोबत आणावे. त्याचप्रमाणे तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर आखडत असेल, तर तो मणक्याच्या संधिवाताचा इशारा असू शकतो. २००६ साली महाराष्ट्रात पसरलेल्या चिकुनगुन्यानंतर कित्येकांचे घोटे आणि टाचा महिनोन् महिने दुखत राहिल्याचे आपल्याला स्मरत असेलच. रात्री झोपेतही थांबत नाही असे दुखणे, ताप, सूज किंवा दोन्ही बाजूंनी टाच दाबली असता असह्य कळ, यांपैकी काही असल्यास व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

शस्त्रक्रियेविषयी एवढेच सांगतो की, पट्ट्याचा काही भाग कापून ताण कमी करता येतो, पण ती अगदी शेवटची पायरी. दोरी जास्त सैल केली तर धनुष्य वाकायचे राहात नाही, म्हणजे कमान बसते.

एका देणगीची गोष्ट

आता माझ्या खात्याचा विषय. या वर्षी एका सद्गृहस्थांनी आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ रुग्णालयास शॉकवेव्ह यंत्र देण्याची इच्छा व्यक्त केली. मातोश्रींनी आयुष्यभर टाचदुखी सोसली होती. भावना निर्मळ होती आणि रक्कम मोठी. यंत्र घेऊन फलक लावणे आणि छायाचित्र काढणे, एवढेच काम माझ्याकडे उरले होते. तरीही मी विश्वस्त मंडळाकडे थोडा अवधी मागितला.

कारण हिशेबाचे होते. यंत्र देणगीत मिळाले तरी ते फुकट नसते. देखभालीचा वार्षिक करार असतो, विमा असतो, ठरावीक आघातांनंतर हातात धरायच्या भागाचे सुटे भाग बदलावे लागतात. एका रुग्णाच्या तीन बैठकांत ६,००० आघात होतात, म्हणजे झिजेचा हिशेब प्रत्येक रुग्णागणिक वाढतो. आणि यंत्र न वापरताही घसारा धावतच असतो. माझ्या अनुभवात, घसारा धावू लागला की रुग्णालय नकळत यंत्राला रुग्ण शोधू लागते. 'यंत्र पडून आहे' हा शेरा लेखापरीक्षकाने लिहिला की त्याचे दडपण मजल्या-मजल्याने उतरत शेवटी डॉक्टरांच्या टेबलावर येते. मला दिलेली ती तीन इंजेक्शने अशाच एखाद्या दडपणातून आली असतील का, हे मी सांगू शकत नाही. आपल्या रुग्णालयात मात्र तसे घडू नये, याची जबाबदारी माझी होती.

म्हणून मी टिपणात सुचवले की, देणगीदारांना विनंती करून ही रक्कम यंत्राऐवजी भौतिकोपचारतज्ज्ञांच्या मेळघाट भेटींवर आणि चपलांवर खर्च करावी. बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला थांबवले. ते म्हणाले, "म्हणजे शहरातल्या पैसेवाल्याने बाहेर जाऊन यंत्राचा उपचार घ्यायचा आणि सेमाडोहच्या माणसाने पंचा गुंडाळून व्यायाम करायचा, असेच ना?" हा प्रश्न मला निरुत्तर करणारा होता. काटकसरीच्या नावाखाली मी भेदभावाचे समर्थन करीत आहे की काय, अशी शंका माझ्याच मनात आली. धर्मादाय रुग्णालयाने गरिबाला स्वस्त तेच द्यायचे, असा नियम होऊ लागला तर त्याला धर्मादाय म्हणता येणार नाही.

त्यावर दोन बैठका चर्चा झाली आणि विश्वस्त मंडळाने जो मार्ग काढला तो आपणापुढे ठेवतो.

पहिले, रुग्ण शहरातला असो वा मेळघाटातला, पैसे भरणारा असो वा निर्धन, पायऱ्यांचा क्रम एकच राहील. तपासणी, संवेदनेची चाचणी, चप्पल आणि व्यायाम; किमान तीन महिने. त्यानंतरही दुखणे कायम राहिल्यास शॉकवेव्ह किंवा पी.आर.पी. यांचा विचार, तोही रुग्णाला गुण व मर्यादा समजावून. पैसे भरण्याची तयारी आहे म्हणून कोणाला पायरी गाळता येणार नाही.

दुसरे, यंत्र घेतले जाईल, परंतु लहान, हलवता येण्याजोगे, जेणेकरून ठरलेल्या दिवशी ते परतवाड्यापर्यंत नेता येईल.

तिसरे, या यंत्रावर किती रुग्ण घ्यायचे याचे कोणतेही उद्दिष्ट कोणत्याही विभागास दिले जाणार नाही. उलट, किती रुग्ण यंत्राविना बरे झाले, हा आकडा दरवर्षी या अहवालात छापला जाईल. तो आकडा मोठा असणे हेच आमचे यश.

चौथा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे, आपल्यासारख्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवणे बंधनकारक आहे. ती आपण ठेवतोच. त्या निधीतून उपचाराचे बिल भागते, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी भागत नाही. येथून मुख्य रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटर. शॉकवेव्हच्या तीन बैठका म्हणजे तीन आठवड्यांत तीन फेऱ्या, तीन दिवसांची मजुरी आणि सोबत येणाऱ्याच्या तीन दिवसांची मजुरी. उपचार मोफत असूनही रुग्ण दुसऱ्या बैठकीला का येत नाही, याचे उत्तर बिलात सापडत नाही. ते या हिशेबात सापडते. म्हणून देणगीचा काही भाग स्वतंत्र खात्यात ठेवून त्यातून प्रवासखर्च व बुडीत मजुरी देण्याचे ठरले आहे.

हे सर्व त्या सद्गृहस्थांना मी स्वतः भेटून सांगितले. देणगी परत जाईल, अशी धास्ती मनात होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आई शेवटपर्यंत झिजलेली स्लीपर घालत होती. तिला नवी चप्पल घ्यावी, हे आम्हा कोणाच्याच लक्षात आले नाही. फलक लावायचाच असेल तर चपलांच्या खोलीवर लावा." त्या फलकावर मातोश्रींचे नाव आहे. देणगीदारांचे नाव त्यांच्याच इच्छेनुसार कोठेही नाही.

नातेवाइकांस चार शब्द

उपस्थित आप्तजनांना एक विनंती. आपल्या घरातील स्त्रीची टाच दुखते, हे बहुधा सर्वांत शेवटी कळते. ती ओट्यापाशी एका पायावर भार देऊन उभी राहते, पहाटे भिंत धरून चालते, आणि विचारले तर "काही नाही" म्हणते. तिची चप्पल उलटी करून पाहा. टाचेकडची बाजू झिजून गेली असेल तर ती बदला. सहा महिने दुखणे अंगावर काढण्यापेक्षा पहिल्या महिन्यात येणे केव्हाही बरे. कोणी "हाड वाढले, लगेच उपचार करा" असे सांगितले तर एवढेच विचारा, "व्यायाम किती महिने करून पाहायचा?" ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्याच्या हाती आपला पाय निर्धास्त सोपवावा.

देणगीदारांनाही नम्रपणे सांगतो. आपण यंत्र द्या, इमारत द्या, आम्ही ऋणी राहू. परंतु चपलेचे पैसे, बसचे भाडे, भौतिकोपचारतज्ज्ञाचा घाटातील एक दिवस यांनाही देणगी म्हणावे. त्यांच्यावर नाव कोरता येत नाही, तरी माणसे त्यांच्यामुळेच चालू लागतात. याच जिल्ह्यात जन्मलेल्या आणि १९५६ साली वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी रोग्यांना औषधोपचार मिळवून देणे हे देवपूजेच्या जागी मानले. त्यांच्या हाती खराटा आणि गाडगे होते. मोलाची वस्तू आणि महागडी वस्तू यांतला फरक त्यांनी आपल्याला केव्हाच शिकवला आहे.

ती मोह वेचणारी भगिनी परवा पुन्हा आली होती. दुखणे पूर्ण गेलेले नाही. पण उठण्यापूर्वी बोटे ओढण्याचा व्यायाम ती नेमाने करते, आणि पहिले पाऊल आता भिंत न धरता टाकते. तीन महिने पुरे झाल्यावर तिची पुन्हा तपासणी होईल. गरज भासली तर यंत्र आहे. न भासली तर तिचे नाव त्या दुसऱ्या आकड्यात जमा होईल. माझ्या खतावणीतील ती सर्वांत आनंदाची नोंद ठरेल.